चार महिने आधी

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. डरबनहून निघालेल्या जहाजावर आमचं कुटुंब पहिल्यांदाच सहलीला आलं होतं, पण आई वर्षभराचा दुखवटा पाळत काळ्या कपड्यांत केबिनमध्येच बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती पिवळा झगा घालून थेट डेकवर आली. भेकिसिसाकाका संतापले. "वहिनी, अजून चार महिने बाकी आहेत! लोक काय म्हणतील?" आई शांतपणे म्हणाली, "भावजी, तुमची बायको गेल्यावर चौथ्या महिन्यात तुम्ही दुसरं लग्न केलंत. तेव्हा लोक काय म्हणाले?" काका गोरेमोरे झाले. "गावी पोचल्यावर सगळ्यांना सांगतो की नाही बघा!" "नुसतं सांगून कोण विश्वास ठेवणार?" आईने आपला फोन त्यांच्या हातात दिला आणि वाऱ्याने उडणारा झगा सावरत कठड्याला टेकली. "काढा फोटो. नीट काढा, मागचा समुद्र आला पाहिजे."