वरचे नऊ किलो

वजनकाट्यावर चढण्याआधी तिने घड्याळ, चपला, केसांची क्लिप आणि शेवटी कानातलेसुद्धा काढले. आकडा सत्त्याऐंशीवर येऊन थांबला. मागच्या महिन्यापेक्षा एक किलो जास्तच. हवे होते अठ्ठ्याहत्तर.

"खरं सांगा," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "चोरून काय खाता?"

"काही नाही हो. शप्पथ." बस चालवताना समोरून ट्रक अंगावर आला तरी न डगमगणारी बाई, खुर्चीत बसून लहान मुलीसारखी रडायला लागली.

नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. तिचं जुळत होतं. पण एवढ्या वजनाच्या बाईचं मूत्रपिंड काढायला सर्जन तयार नव्हते. आणि आता त्याचं हृदयही थकत चाललं होतं. चार आठवडे, फार तर पाच. मग ऑपरेशन त्यालाच झेपणार नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी याच बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "आवडीचं काही सोडू नका. सोडलं की माणूस आठव्या दिवशी दुप्पट खातो. सगळं खा, पण थोडं, मोजून. तेल, साय, साखर यांच्या बाबतीत फक्त हात आखडता घ्या."

"तू बस चालव, ताटाचं माझ्यावर सोपव," नवरा म्हणाला होता. बावीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होता तो. तेव्हापासून तिला लहान वाटीत कस्टर्ड मिळायचं, पातळ दुधाचं. मोजून सहा फोडी बटाट्याच्या, बिनतेलाच्या. चव अशी की विचारू नका. तो स्वतः यातलं काही खाऊ शकत नव्हता. समोर बसून ती खाते कशी, तेवढं बघायचा. तिनेच त्याला सांगून फ्रिज उघडायची स्वतःला बंदी घालून घेतली होती. दिसलं की राहवत नाही म्हणून.

डेपोत सगळे चिडवायचे. "डाएट चाललंय ना? कुठल्या दिशेने?" ती हसायची आणि मग दोन स्टॉप आधी उतरून घरी चालत जायची. तरी आकडा ढिम्म हलत नव्हता. आपल्या जिभेपायी आपला माणूस जाणार, हे तिच्या मनाने घेतलं होतं. झोप उडाली होती.

त्या दुपारी ती घरी आली ती ठरवूनच. आजपासून अन्न बंद, फक्त पाणी. तो डायलिसिसला गेला होता. घरात असेल नसेल ते फेकून द्यायचं म्हणून तिने फ्रिज उघडला.

आत दोन डबे होते. दोन्हींवर चिठ्ठ्या. कॅन्टीनचा नियमच होता तो: फ्रिजमध्ये जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहायची, आत काय घातलंय आणि किती, तेही लिहायचं. बावीस वर्षांत हाताला वळणच पडलं होतं. एरवी तो वाढण्याआधी चिठ्ठी काढून टाकत असणार.

"कस्टर्ड. साय दोन वाट्या. लोणी अर्धी वाटी. साखर दीड वाटी."

"बटाटे. दोनदा तळलेले."

तिने दोन्ही चिठ्ठ्या तीनतीनदा वाचल्या. मग तिथेच फरशीवर बसली.

तो संध्याकाळी आला. चेहरा पांढराफटक, दंडाला कापसाची पट्टी. तिने चिठ्ठ्या त्याच्यापुढे ठेवल्या.

"अहो, हे काय आहे?"

त्याने स्वतःचं अक्षर पाहिलं आणि भिंतीला धरून हळूच खाली टेकला. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"अगं, तू बारीक झालीस की ते तुझं पोट चिरणार," तो म्हणाला. "माझ्यापायी. त्यात काही कमीजास्त झालं तर? माझं जे व्हायचं ते होईल. तू तरी धडधाकट राहशील."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिला रडू येत नव्हतं.

"म्हणजे धडधाकट, गुबगुबीत विधवा," ती म्हणाली. "हेच ठरवलंत ना माझ्यासाठी?"