बोटावरचा थेंब

सुई टोचली, रक्ताचा थेंब वर आला आणि शालनने बोट पटकन तोंडात घातलं.

"अगं, पुन्हा?" साखर तपासायचं नवं मशीन धरून बसलेला नवरा वैतागला. "थेंब स्ट्रिपवर द्यायचा असतो. आता परत टोचावं लागणार."

"सवय हो," ती थकून म्हणाली. जन्म लोकांचे ब्लाउज शिवण्यात गेला. सुई लागली की बोट आधी तोंडात, कापडाला डाग नको. शुगर तर गेल्याच आठवड्यात निघाली होती. डॉक्टर म्हणाले, आता ही कायमची.

या वेळी त्याने तिचं मनगट धरूनच ठेवलं. आकडा बराच वरचा आला आणि त्याने मशीन तिच्यासमोर धरलं.

तिनेही वाचला. मग बराच वेळ बोटाकडे बघत राहिली.

"इतकी वर्षं चोखतेय," ती म्हणाली, "कधी गोड लागलं नाही हो."