न आलेली उत्तरं

"सर, हजारातल्या तीनशे अठ्ठ्याऐंशी फेऱ्यांत तुमच्या पद्धतीने उत्तरच दिलं नाही," शाल्मली म्हणाली. पीएच.डी.साठी ती संगणकावर काल्पनिक नमुने तयार करून मार्गदर्शक खांबेट्यांची अंदाजपद्धत तपासत होती.

"मग त्या फेऱ्या गाळ. उरलेली उत्तरं बघ, किती देखणी आहेत!"

शाल्मली दोन दिवस घुटमळली. पदवी खांबेट्यांच्याच हातात होती. तरी तिने प्रबंधातल्या तक्त्याखाली एक ओळ टाकलीच : उत्तर न आलेल्या फेऱ्या, ३८८.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"एवढा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही हो," बाई म्हणाल्या.

खांबेटे लगबगीने उठले. "आमच्याकडे शिस्तच आहे ती. अपयश लपवायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच बजावतो."

"फारच छान! मग तुमच्या आधीच्या अकरा शोधनिबंधांतले असे आकडेही सोमवारपर्यंत पाठवाल ना?"

बाईंनी शाल्मलीच्या अहवालावर ‘पदवीस पात्र’ असं लिहीपर्यंत, तिच्यासाठी ठेवलेला पाण्याचा ग्लास खांबेट्यांनी एका दमात रिकामा केला होता.