चढ्या आवाजाचं कॉलेज

“परवानगी मिळणार नाही,” प्राचार्य महादेवप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पुण्याहून आलेल्या डॉक्टर सरोजिनीबाई हळू आवाजात पुन्हा समजावू लागल्या. मागांच्या खडखडाटानं सोलापूरचे कामगार बहिरे होतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. कामगारांचे कान तपासून झाले होते. आता ताडून बघायला, मागाजवळ कधी न गेलेले कान हवे होते. म्हणून कॉलेजातले मास्तर, कारकून आणि पोरं.

प्राचार्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. शेजारी उभे असलेले हेडक्लार्क ईरप्पा ओरडले, “साहेब, बाईंचं मराठी पुण्याचं हाय, जरा बारीक हाय. त्या म्हंत्यात, सगळ्यांचे कान तपासायचे. पैलं तुमचे.”

“आमचे कान ठणठणीत आहेत.”

महादेवप्पांचे कान पार गेले होते. संस्थेला कळलं तर घरी बसवतील, या धास्तीनं त्यांनी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आता त्या कॉलेजाचं म्हणाल, तर तिथं सगळेच मोठ्यानं बोलत. कुणी प्राचार्यांकडं रजा मागायला गेलं, की कुणाची सासू आजारी आहे ते अख्ख्या पेठेला कळे. छपरावर कबुतर टिकत नसे. हळू बोलायची सवयच मोडल्यामुळं प्रेमात पडलेल्यांना कुजबुजायला एसटीनं बार्शीला जावं लागे.

“निदान एकाचे तरी बघू द्या,” सरोजिनीबाई म्हणाल्या. आता त्यांनीही आवाज चढवला होता.

ईरप्पांनी टोपी काढली. बाईंनी त्यांच्या कानांना यंत्र लावलं. यंत्रातली बारीकात बारीक शिट्टी त्यांना ऐकू आली. यंत्र काढल्यावर, चार खोल्या पलीकडं ग्रंथपाल घोरतायत, हेही त्यांनी सांगितलं.

“इतके तिखट कान मी आजवर पाहिले नाहीत,” बाई ओरडल्या. “मग तुम्ही एवढ्या मोठ्यानं का बोलता?”

ईरप्पा पायांकडं बघत राहिले. गलका ऐकून दाराशी जमलेले मास्तर भिंतीकडं बघू लागले.

महादेवप्पांनी एकेकाचं तोंड न्याहाळलं.

“सगळ्यांना ठाऊक आहे?”

“व्हय साहेब.”

“कधीपासून?”

“तुमाला कमी ऐकू याय लागलं, तवापासनं. कुणी कुणाला सांगितलं न्हाय. नवा माणूस बी आठवड्यात शिकतोय.”

“आणि संस्थेचे चेअरमन?”

“त्येच लई वरडत्यात की.”

महादेवप्पांनी कागद ओढला, परवानगी लिहिली, खाली सही केली आणि तपासायच्या लोकांत पहिलं नाव स्वतःचं घातलं. मग चष्मा काढून पुसता पुसता ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

ईरप्पांनी कानामागं हात धरला. “साहेब, जरा मोठ्यानं.”

महादेवप्पा उठून उभे राहिले.

“तुम्हा सगळ्यांचे फार उपकार आहेत,” ते म्हणाले.

वीस मैलांवरच्या मोहोळच्या स्टँडवर तेव्हा एक कंडक्टर तिकिटं फाडत होता. तो म्हणे मान वर न करता म्हणाला, “असू द्या हो, त्यात काय.”