चौकड्यांच्या शर्टाची बाही

मेकॅनिकने शटर खाली ओढलं, धूर जायला हातभर फट ठेवली. गॅरेजमध्ये अंधार झाला. गाडीचं बॉनेट उघडं होतं, इंजिन चालू होतं.

"दुपारी ही शहाण्यासारखी वागते," म्हातारा म्हणाला. "सकाळी हवा दमट असली की हूं की चूं करत नाही. " त्याने शेजारी उभ्या मुलीकडे बोट केलं. "हिची आई गेल्यापासून."

"बाबा, गाडीला माणसं कळत नसतात," मुलगी म्हणाली. संध्याकाळी भंगारवाला येणार होता. तिनेच बोलावलं होतं. रोज सकाळी बंद गाडीत बसून राहणाऱ्या बापाची तिला काळजी वाटू लागली होती.

"थांबा ताई. आधी इथेच सकाळ करू," मेकॅनिक म्हणाला. त्याने फवाऱ्याची बाटली उचलली आणि इंजिनवर पाणी मारलं.

पाणी धुक्यासारखं खाली बसलं. मग काळ्या वायरींवर ठिणग्यांचे निळे धागे दिसू लागले. ते सरकत सरकत सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या झाकणापाशी गेले आणि तिथे थरथरत राहिले. म्हाताऱ्याला वाटलं, लांबवर पाण्यापलीकडे एखादं गाव जागं आहे.

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. गाव विझलं.

"सापडलं." मेकॅनिकने टॉर्च लावला. "या झाकणाला चीर आहे. ओल बसली की करंट प्लगपर्यंत जातच नाही, इथूनच पळतो."

"आत्ता पडली चीर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"छे, जुनी आहे. कडा बघा किती काळ्या झाल्यात."

"मग एका चावीत कशी सुरू व्हायची? हिची आई पुढे जाऊन गाडी चालू करून ठेवायची. मी विचारलं की म्हणायची, गोड बोलावं लागतं, तुम्हाला नाही जमायचं."

मेकॅनिकने टॉर्च फिरवला. सगळीकडे तेल आणि धूळ. झाकण तेवढं घासलेल्या भांड्यासारखं चकचकीत.

"कोणीतरी हे पुसत होतं, काका."

त्याने बॅटरीच्या मागे हात घातला. घडी केलेलं फडकं निघालं. चौकड्यांच्या शर्टाची बाही.

म्हाताऱ्याने ओळखली. त्या शर्टासाठी त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. "तुम्हीच टाकला असेल कुठेतरी," बायको हसू दाबत म्हणाली होती.

"म्हणजे गाडीला काहीच कळत नव्हतं," तो हळूच म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. यावेळी ती 'हो' म्हणाली नाही.

"नवं झाकण टाकतो," मेकॅनिक म्हणाला. "मग धुकं असो की पाऊस."

"टाका. भंगारवाल्याला मी येऊ नको म्हणून सांगते." तिने बाही हातात घेतली. "तोवर पुसून बघू. बाबा, तुम्ही आत बसा."

तो बसला. समोर उभं बॉनेट, बाकी काही दिसेना. फक्त बॉनेटखालच्या फटीतून, टॉर्चच्या उजेडात, एक हात पुसत होता. गोल, गोल, कसलीच घाई नसल्यासारखा.

"मारा चावी, काका!" मेकॅनिक ओरडला.

म्हाताऱ्याची बोटं चावीवर होती.

"थांबा," तो म्हणाला. "तिचं पुसून होऊ दे."