सत्काराचा मंडप

कॉलेजच्या कँटीनमध्ये शर्वाणीच्या हातून चहाचा कप निसटला. तिची डावी करंगळी बधिर झाली होती.

"देवराईवालीचे नखरे," समोरचा तन्मय म्हणाला. अठरावं लागताच मनगटात बसवलेल्या मण्याने त्याचा जीव गावच्या ओढ्याशी जोडला होता. दर उन्हाळ्यात ओढा आटला की त्याचा घसा सुकायचा. शर्वाणीच्या आईने मात्र चार जणांचे पाय धरून लेकीच्या मण्यासाठी देवराई मिळवली होती. देवाच्या धाकाने तिथे कोणी काडीही मोडत नसे.

आता करंगळीशेजारचं बोट बधिर झालं, मग मधलं. घाबरून शर्वाणीने आईला फोन लावला.

"आई, देवराईत कोण शिरलंय?"

"कळलं वाटतं तुला? रविवारी तुम्हा मणीवाल्या मुलांचा सत्कार आहे ना. सरपंच म्हणाले, पर्यावरणाचा कार्यक्रम देवराईतच शोभेल. मंडपापुरती जागा करतायत. देवाला कौल लावला, उजवा मिळाला."

"देवाला विचारलंत. मला? आई, माझा हात जातोय, थांबव त्यांना."

"अगं, कोवळीच झाडं आहेत. थोडं सोस." आई जराशी घुटमळली. "फक्त पाहुण्यांच्या गाडीला तो मोठा वड आडवा येतोय."

फोनमधून कुऱ्हाडीचा घाव ऐकू आला. शर्वाणीच्या छातीत तो त्याआधीच पोचला होता.