चरबी उतरली

कंपनीच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, म्हणून बस चालवणाऱ्या माझ्या दादाने चरबी मोजणारा काटा घरी आणला. रोज सकाळी तो त्यावर अनवाणी उभा राहायचा. तीन महिन्यांत चरबी एकतीस टक्क्यांवरून चोवीसवर आली. वजन मात्र सहा किलोंनी वाढलं.

"अहो, तोंड सुजल्यासारखं दिसतंय. दाखवून येऊ या ना," वहिनी सारखी मागे लागायची.

"सूज कसली? चरबी जाऊन मसल येतंय. तुझ्यापेक्षा काट्याला जास्त कळतं!"

शेवटी बूट पायात शिरेनात, तेव्हा तिने त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी अंगठ्याने त्याची नडगी दाबली. अंगठा काढला, तरी खड्डा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले.

"अंगात पाणी साठलं, की असा काटा चरबी कमी दाखवतो," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. सूज दिसली तेव्हाच आला असतात, तर काहीतरी करता आलं असतं."



दादा मान खाली घालून बसला. वहिनीकडे बघायची त्याची हिंमतच झाली नाही.